खणातलं रिकामं मेण

लग्नाकार्यात नवीन माणसाने "तुम्ही काय करत होता?" असं विचारलं, की मी सरळ सांगते, "मेंदू कापत होते." समोरचा माणूस जरा मागे सरकतो. माझी धाकटी बहीण लगेच सावरून घेते, "लॅबमध्ये होती हो ती, टेक्निशियन." तिला वाटतं मी मुद्दाम करते. करतेच. तीस वर्षं जे काम केलं त्याला लोकांच्या तोंडी बसेल असं नाव नाही. मग निदान समोरच्याच्या हातातली वाटी थोडी हलावी, एवढाच माझा हेतू असतो.

आता काम सांगते. सोलापुरात कुठल्याही दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं आणि सर्जनने गाठीचा तुकडा काढला, की तो औषधाच्या पाण्यात बुडवून बाटलीतून आमच्या लॅबमध्ये यायचा. लॅब मॅडमची. त्या डॉक्टर, सूक्ष्मदर्शकातून बघून रोगाचं नाव सांगणाऱ्या. मी त्यांचा हात. तो तुकडा पाण्यातून काढायचा, एकेक करून वेगवेगळ्या द्रवांतून न्यायचा आणि वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण गार झालं की काडेपेटीहून लहान असा एक ठोकळा तयार होतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा ब्लॉक यंत्रावर लावून त्याचा पापुद्रा काढायचा. पापुद्रा किती पातळ? डोक्याच्या केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक. तो कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा, जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा, वर पातळ काच चिकटवायची. झाली स्लाइड. मग मॅडम बघणार.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पोरींना धाग्याची गाठ मारायला अक्षरओळखीच्या आधी येते. तुटलेला धागा असा जोडायचा की चादरीवर बोट फिरवलं तरी लागू नये. मॅडमनी मला मुलाखतीत बाकी काहीच विचारलं नाही. एक सुई आणि काळा धागा दिला आणि म्हणाल्या, "ओव." मी एका दमात ओवला. "सोमवारपासून ये, पद्मा." माझी सगळी नेमणूक एवढीच.

मेंदू कापणं अवघड. यकृत, गर्भाशय हे सगळे अवयव मेणात शहाण्यासारखे बसतात. मेंदू मऊ, पनीरहून मऊ, आणि जरा जास्त सुकवला की पापडासारखा तडकतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये मेणाला आपोआप घाम फुटायचा. मी बर्फाच्या लादीवर ब्लॉक उलटे मांडून ठेवायचे आणि एकेक उचलून कापायचे. हवा कोरडी असली की पापुद्रे उडून पात्यालाच चिकटायचे. तेव्हा ब्लॉकवर तोंड नेऊन हलका श्वास सोडायचा. फुंकर नाही, श्वास, काचेवर वाफ धरावी तसा. हे पुस्तकात असेल तर मला माहीत नाही, मला हातानेच शिकवलं. किती माणसांच्या मेंदूवर माझा श्वास पडला असेल!

आमच्याकडे येणारी माणसं म्हणजे रुग्ण नव्हेत, त्यांचे नातेवाईक. रुग्ण तिकडे दवाखान्यात डोक्याला पट्टी बांधून पडलेला असायचा. एकदा अकलूजहून एक गृहस्थ डेअरीची बर्फाची पेटी घेऊन आले. नासू नये म्हणून त्यांनी भावाच्या गाठीचा तुकडा रात्रभर बर्फात ठेवला होता, औषधाचं पाणी ओतून टाकून. "दूध टिकतंय की मग हे का न्हाय टिकणार?" बर्फाने पेशींना आतून भोकं पडतात, हे त्यांना मलाच सांगावं लागलं. माळशिरसकडचे एक साखर कारखान्यातले केमिस्ट तर मॅडमशी भांडले. "आमी उसाचा रस तपासून तासाभरात साखरेचा उतारा सांगतो. तुमाला एका बोटभर मासाला चार दिस लागत्यात?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचा ऊस पुढच्या वर्षी परत येतो." ते गृहस्थ खाली बसले आणि चारही दिवस रोज येऊन गुपचूप बसून जायचे.

शरणम्मा आली ती अशाच एका दुपारी. चौदा वर्षं झाली. तिशीची बाई, कपाळावर विभूती, हातात भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. नवऱ्याचं नाव मल्लिनाथ, कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारणारा. मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेला लागून. घरात कन्नड, बाजारात दोन्ही. शेतकरी इकडचाही आणि तिकडचाही, म्हणून ज्याला दोन्ही भाषांत दमदार पुकारता येतं त्याला अडत्यांकडे मान. एका सकाळी पुकारता पुकारता त्याला झटका आला. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून गाठ दिसली. सगळी काढायला गेलं तर वाचा जाईल, म्हणून सर्जनने सुईने फक्त दोन तुकडे घेतले होते. तुरीच्या डाळीएवढे.

बाटली माझ्या हातात देताना तिने ती सोडली नाही. म्हणाली, "अक्का, एक इचारू? शुद्धीवर आल्यापास्नं ह्यांना मराठी येत न्हाय. नुसतं कन्नड बोलत्यात. ह्या बाटलीत त्यांची मराठी तर आली न्हाय न्हवं?"

मला हसू आलं. आलं म्हणजे मी हसले, खळखळून, तिच्या तोंडावर. लॅबमध्ये दिवसभर मेलेल्या पेशी बघून माणसाला काय होतं कुणास ठाऊक. ती हसली नाही. "कापताना जपून कापा," एवढंच म्हणाली आणि बाटली सोडली. पंधरा दिवसांनी त्याची मराठी परत आली, सूज उतरल्यावर. पण ते मला फार नंतर कळलं.

आणि मी जपून कापलं नाही. सगळं सांगणं त्यासाठीच आहे, तेव्हा इथे आडपडदा नको.

आमच्या कामात एक मानाची गोष्ट असते. ब्लॉकमधला तुकडा मेणात थोडा तिरका बसतो. सुरुवातीला कापलं की त्याची एक कडच पापुद्र्यात येते. आणखी कापत गेलं की हळूहळू पूर्ण चेहरा उघडतो. चेहरा पूर्ण आला, एकही सुरकुती नाही, एकही ओरखडा नाही, अशी स्लाइड निघाली की मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता "वा" म्हणायच्या. त्या एका "वा"साठी मी काय वाटेल ते करायचे. मोठा तुकडा असेल तर हरकत नसते. पण डाळीएवढ्या तुकड्यात पूर्ण चेहरा यावा म्हणून कापत जायचं म्हणजे माल कचऱ्यात टाकत जायचं. रिपोर्टपुरत्या दोन स्लाइड मी दुपारीच दिल्या होत्या, मॅडमचं निदानही झालं होतं. तिथेच थांबायचं होतं. मला सुरकुती दिसली. परत लावला ब्लॉक. परत थोडा. पुन्हा एक ओरखडा. परत. शेवटी एक पापुद्रा पाण्यावर असा उतरला की त्यात काहीच सुधारायला उरलं नव्हतं. पुढच्या फेरीला पात्याखालून नुसतं पांढरं मेण आलं.

ती स्लाइड मी मॅडमना दिली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मला बोलावून बसवलं. सूक्ष्मदर्शकात काय दिसत होतं सांगू? पुस्तकात त्या पेशींना तळलेल्या अंड्यांची उपमा देतात. मला त्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसल्या. एकसारखे गोल दाणे, मध्ये गडद ठिपका, भोवती स्वच्छ मोकळी जागा, आणि त्यांच्यामधून फिरलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी. मॅडम म्हणाल्या, "ही गाठ त्यातल्या त्यात सभ्य. वर्षानुवर्षं सावकाश चालते. तीस वर्षांत एवढी सुंदर स्लाइड मी पाहिली नाही, पद्मा." त्या कौतुकाच्या भरात मी संध्याकाळी रिकाम्या मेणाचा ठोकळा नंबर घालून खणात परत ठेवून दिला. वहीत "माल संपला" असं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आमच्या खणांमध्ये नंबर सलग लागायचे, मध्ये दात पडल्यासारखी जागा दिसली की मला चैन पडायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मॅडमच्या नजरेला पडू नये, हेही होतं.

तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. डोळ्यांनी पाहून नाव द्यायचं, तिथे काम संपायचं. ब्लॉक खणात का ठेवायचे, तर नियम आहे म्हणून.

मग विज्ञान आमच्या मेणापर्यंत येऊन पोचलं. मॅडम दुपारच्या चहाला समजावून सांगायच्या आणि मी बिस्किट हातात धरून ऐकायचे. मेंदूच्या गाठी नुसत्या दिसण्यावरून ओळखायच्या दिवसांचा शेवट आला होता. आता पेशीच्या आतलं लिखाण वाचायचं. ज्या सगळ्यात वाईट गाठी, ज्यांच्या घरच्यांना मॅडम दार लावून सांगायच्या, त्यांच्यात बघायचं की पेशीची दुरुस्ती करणारं एक जनुक जागं आहे की झोपलेलं. झोपलेलं असेल तर बरं, कारण औषधाने केलेली मोडतोड गाठीला दुरुस्त करता येत नाही आणि गोळ्या अधिक काळ साथ देतात. मल्लिनाथसारख्या सभ्य गाठींत वेगळं बघायचं. एक म्हणजे आयडीएच नावाच्या जनुकातलं एक अक्षर बदललंय का. ते बदललं की पेशीच्या स्वयंपाकघरात भलताच पदार्थ शिजायला लागतो आणि तो कुठली जनुकं उघडी ठेवायची, कुठली बंद करायची याचा सगळा घोळ घालतो. दुसरं म्हणजे पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे दोन ठरावीक तुकडे गळून पडलेत का. गळाले असतील तर उपचार चांगले लागू पडतात. मला याचं फार नवल वाटलं होतं. सगळीकडे काही हरवलं की वाईट, इथे हरवलेलं असावं म्हणून प्रार्थना करायची.

हे सगळं वाचायला माल लागतो. खणातले जुने ब्लॉक एकाएकी सोन्याचे झाले. दहा-दहा वर्षांपूर्वीच्या गाठींचे ब्लॉक पुण्याच्या जनुकं तपासणाऱ्या लॅबला जायला लागले. मी तेव्हापासून लहान तुकडा आला की पहिल्या फेरीतच दहा-बारा पापुद्रे न रंगवता काचेवर घेऊन ठेवायला लागले. पूर्ण चेहऱ्याचा हट्ट सोडला. मॅडमनी एकदा विचारलं, "हल्ली तुझ्या स्लाइड पूर्वीसारख्या का येत नाहीत?" मी म्हटलं, "डोळे थकले, मॅडम." मल्लिनाथचा नंबर मला पाठ होता, पण मी त्या खणाकडे गेले नाही. त्याला कधी लागणारच नाही, असं मनाला सांगत राहिले.

मी निवृत्त झाले तेव्हा मॅडमनी निरोपाला शाल-नारळ दिला आणि एक छोटी लाकडी पेटी. आत कापसावर ती स्लाइड. "शिकाऊ मुलांना इतकी वर्षं दाखवली, आता ही तुझी." नंबर माझ्याच हाताने हिऱ्याच्या लेखणीने कोरलेला. मी ती कपाटात आईच्या पुतळ्यांच्या माळेशेजारी ठेवली. कधी उदास वाटलं की काढून उजेडात धरायची. नुसत्या डोळ्यांना दिसतो तो एक जांभळट ठिपका, तांदळाएवढा. पण मला आतलं सगळं दिसायचं.

गेल्या वर्षीच्या श्रावणात सुनीताचा फोन आला. सुनीता माझ्या जागेवरची टेक्निशियन, मीच शिकवलेली. आवाज घाबरलेला. "पद्माक्का, एक जुना ब्लॉक पुण्याला पाठवला होता. ते म्हणतात नुसतं मेण आहे, आत काही नाही. नातेवाईक समोर बसलेत. असं कसं झालं असेल?"

"नंबर सांग," मी म्हटलं. नंबर ऐकायची गरज नव्हती.

मी रिक्षाने गेले. बाकावर शरणम्मा होती, केसांत पांढरं आलेलं. शेजारी मल्लिनाथ. तेरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा बघत होते. उंच, सावळा, गळ्यात लिंग, हात मांडीवर शांत ठेवलेले. गाठ इतकी वर्षं गप्प होती, आता थोडी वाढली होती. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या भलता पदार्थ शिजवणाऱ्या जागेवरच घाला घालतात, पण ते बदललेलं अक्षर आहे असं कागदावर आल्याशिवाय देता येत नाहीत. नाहीतर वेगळा मार्ग. कागद हवा तर माल हवा. माल नसेल तर पुन्हा सुई, त्याच जागी. सर्जनने पुढचा सोमवार सांगून ठेवला होता.

मल्लिनाथ माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "मागच्या बारीला पंधरा दिस मराठी गेली हुती. कन्नड हुती म्हणून बायकोला पानी तरी मागता आलं. ह्या बारीला दोनी गेल्या तर मी काय करू, अक्का? हात हलवून लिलाव हुतो व्हय?"

सुनीता मध्येच म्हणाली, "जुन्या काळी नंबर घालताना काहीतरी झालं असेल..." ती मला वाचवत होती. तिला सगळं कळलं होतं, तिला मीच शिकवलंय.

मॅडम थकून घरी बसलेल्या, वही जुनी, कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. मी शरणम्मासमोर बसले आणि सांगितलं. "माल होता. तुम्ही जपून कापा म्हणाला होता. मी कापून संपवला. रोगासाठी नाही, रिपोर्टसाठी नाही. स्लाइड छान दिसावी म्हणून. आणि रिकामं मेण परत ठेवून दिलं, कुणाला कळू नये म्हणून."

"तुमी हसला हुता," ती म्हणाली. "मला याद हाय."

"हो. हसले होते."

"मग ती छान स्लाइड कुटं हाय?"

मला इथे खोटं बोलायचं नाही. तिने हे विचारेपर्यंत पेटी माझ्या डोक्यात आलीच नव्हती, असं नाही. रिक्षात बसल्यापासून आली होती. रंगवलेल्या स्लाइडवरचा थर खरवडूनही जनुकं काढता येतात, हे मला माहीत होतं. खरवडल्यावर काचेवर काही उरत नाही, हेही माहीत होतं. रिपोर्टच्या दोन स्लाइड नातेवाइकांनी तेव्हाच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मुंबईला नेल्या होत्या आणि त्या तिकडेच राहिल्या. म्हणजे मल्लिनाथच्या गाठीचं या जगात बाहेर जे काही उरलं होतं ते माझ्या कपाटात, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून. आणि पंचकट्ट्याच्या घरापासून लॅबपर्यंतच्या रस्त्यात मी विचार करत होते की दुसरा काही मार्ग निघेल का. एका माणसाच्या दोन भाषांच्या बदल्यात मी एक ठिपका तोलत होते. याची लाज मला अजून वाटते.

"माझ्या घरी आहे," मी म्हटलं. "आणते."

पुण्याच्या लॅबमधल्या बाई फोनवर म्हणाल्या, पाठवा, पण जनुकं पुरतील की नाही सांगता येत नाही, थर फार पातळ आहे आणि जुना. आणि वरची काच तुम्हीच काढून पाठवा, वाटेत फुटायला नको.

वरची काच काढायची म्हणजे स्लाइड झायलीन नावाच्या द्रवात बुडवून ठेवायची. मधला डिंक विरघळतो आणि काच आपोआप सरकते. ताजी स्लाइड असेल तर तासाभरात. तेरा वर्षांचा डिंक दगड झालेला असतो. पात्याने उचकटायला गेलं तर काचेसोबत थरही येतो आणि सगळं संपतं. सोमवारला सहा दिवस होते. सुनीता म्हणाली, "अक्का, तुम्हीच करा, एवढी जुनी काच मी कधी काढलेली नाही." मी खणातलं माझं जुनं जाड कापडाचं ॲप्रन घातलं.

पहिल्या दिवशी काही हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी जायचे, बरणी उचलून उजेडात धरायचे. शरणम्मा रोज यायची. ती कडक भाकऱ्या करून विकते, त्यांचा गठ्ठा पोचवून येता येता बाकावर बसायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर डोळे पुसले, तर म्हणाली, "रडू नका. डोळ्यात पानी आलं तर काच काढताना दिसायचं न्हाय." आणि कागदात बांधलेली शेंगाचटणी माझ्यासमोर सरकवली. चौथ्या दिवशी काचेच्या एका कडेला बारीक रेघ दिसली. डिंक सुटायला लागला होता. माझी बोटं चिमट्याकडे गेली. एवढंच जरा उचललं तर? तीच बोटं, तीच खाज. तेरा वर्षांपूर्वीही मला एवढंच जरा हवं होतं. मी चिमटा टेबलावर ठेवला, दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि घरी गेले.

पाचव्या दिवशी दुपारी बरणी तिरकी केली आणि काच आपणहून घसरली, पाण्यात पान सरकावं तशी. खाली ठिपका जागच्या जागी. मी शरणम्माला आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली शेवटचं एकदा धरलं आणि तिला बघायला लावलं. ती बराच वेळ एक डोळा मिटून वाकली.

"साबूदाना," ती म्हणाली.

मी कोणाला कधी तसं म्हणाले नव्हते, मॅडमनासुद्धा नाही. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला. तिने तो झटकला नाही. संध्याकाळच्या बसने सुनीताचा भाऊ पाकीट घेऊन पुण्याला गेला. सर्जनने सोमवार पुढे ढकलला, पण फार नाही.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. एके सकाळी मॅडमचाच फोन आला. आता त्या चालत नाहीत, पण रिपोर्ट सुनीताने आधी त्यांना वाचून दाखवला होता. "पद्मा, माल पुरला. जेमतेम, पण पुरला. अक्षर बदललेलं आहे. दोन्ही तुकडे गळालेले आहेत." मग थांबून म्हणाल्या, "मी डोळ्यांनी जे सांगितलं होतं तेच. आणि मेणाचं मला सुनीताने सांगितलं. माझी 'वा' महागात पडली असती, नाही का?"

सुई टळली. मल्लिनाथच्या गोळ्या सुरू झाल्या. कायमचा बरा झाला असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. या गाठी जात नाहीत, थांबतात. मागच्या तपासणीत ती होती तेवढीच होती.

पुण्याहून काच परत आली, स्वच्छ. मी ती त्याच पेटीत, त्याच कापसावर ठेवली आहे. वर फक्त माझ्या अक्षरातला नंबर. बहीण म्हणते, रिकामी काच कशाला जपतेस? मी पेटी मिटून कपाटात ठेवते.

गेल्या महिन्यात शरणम्माने निरोप पाठवला, मालक बाजारात परत उभे राहिलेत, एकदा येऊन जावा. इतकी वर्षं सोलापुरात राहून मी कधी लिलाव पाहिला नव्हता. सकाळी गेले. कांद्याचे ढीग, धूळ, ट्रॅक्टरांचे आवाज, आणि एका ढिगावर मल्लिनाथ, डोक्याला टॉवेल. त्याने मला पाहिलं, मान हलवली नाही, कारण बोली चालू होती. एका बाजूला करमाळ्याचा शेतकरी, दुसऱ्या बाजूला लुंगी लावलेला विजापूरकडचा व्यापारी. या माणसाच्या पेशी मी कुणाहीपेक्षा जास्त वेळा पाहिल्या होत्या, त्याचं पुकारणं मात्र कधी ऐकलं नव्हतं. त्याने छाती भरून मराठीत आकडा पुकारला, आणि दम न घेता तोच आकडा कन्नडात.

शरणम्मा माझ्या शेजारी उभी होती. मला म्हणाली, "मोजा की, अक्का. दोनी हायत."